महिन्याला १२०० किमी रनिंगला डिझेल गाडी परवडते का, आणि ती २ लाख किमी टिकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज ऑफिसला जाऊन-येऊन १४ किमी, महिन्यातून दोनदा पुणे–कोल्हापूर–पुणे, गाडी १० वर्षं ठेवायची, तर नवी बीएस-६ डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी की पेट्रोल?

डिझेल घ्या. पण ती कोल्हापूरच्या फेऱ्यांच्या भरवशावर. सहा महिन्यांत बदली होऊन त्या फेऱ्या बंद होणार असतील आणि हाती फक्त ऑफिसचे १४ किमी उरणार असतील, तर डोळे झाकून पेट्रोल घ्या. असं का, ते खाली येईलच.

आधी पैशांचा हिशेब. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरतो, तुम्ही तुमच्या पंपाचे भाव घालून पुन्हा मांडा. अशा गाडीचं तुमच्यासारख्या मिश्र रनिंगला पेट्रोलचं ॲव्हरेज १४.५ आणि डिझेलचं १९ धरायला हरकत नाही. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये १७ पैसे, डिझेलला ४ रुपये ७४ पैसे. फरक २ रुपये ४३ पैसे. डिझेलचं ऑइल, डिझेल फिल्टर आणि डीईएफचा (धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) जादा खर्च वजा केला की हातात राहतात साधारण २ रुपये. गाडीची किंमत लाख-सव्वा लाखाने जास्त, आणि महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त (१० लाखांपर्यंत ११ ऐवजी १३, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ ऐवजी १४). सगळं मिळून दीड लाखाचा फरक धरा. तो भरून निघायला ७५,००० किमी लागतात. तुमच्या रनिंगला सव्वापाच वर्षं. चार वर्षांत गाडी विकणाऱ्याने या भानगडीत पडू नये. तुम्ही दहा वर्षं म्हणताय, म्हणून गणित जमतं.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा या हिशेबात घालू नका, आणि मीटरवर दिसणाराही नको. तो बऱ्याच गाड्यांत किलोमीटर-दीड किलोमीटर फुगवूनच दाखवतो. टाकी फुल ते टाकी फुल, तोच पंप, पहिला ऑटो-कट. असं तीनदा करून सरासरी काढा.

आता बीएस-६ डिझेलचा खरा मुद्दा: डीपीएफ. धूर बाहेर पडायच्या वाटेवरची ही चाळणी. इंजिनची काजळी तिच्यात अडकते आणि पुरेशी साठली की गाडी ती स्वतःच जाळते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी चाळणीत साधारण ६०० अंश तापमान लागतं. शहरातल्या हळू रनिंगला एक्झॉस्ट त्याच्या आसपासही जात नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल सोडतो, ते पुढे कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि चाळणी तापते. हे काम पुरं व्हायला गाडी १५-२० मिनिटं सलग चालती हवी. तुमचं ऑफिस ७ किमीवर. इंजिन नीट तापेपर्यंत तुम्ही पार्किंगमध्ये पोचलेले असता.

बहुतेक गाड्यांत रीजनरेशन ३०० ते ६०० किमीला एकदा येतं. तुमच्या दोन कोल्हापूर फेऱ्यांच्या मध्ये ऑफिसचे जेमतेम दीडशे किमी होतात, म्हणजे बहुतेक वेळा ते हायवेवरच उरकेल. तुम्हाला डिझेल चालेल असं म्हणतोय ते यासाठीच. एखादी फेरी चुकली तर रविवारी सकाळी शिरवळपर्यंत जाऊन या: २०-२५ मिनिटं, ६० ते ८०चा वेग, गिअर असा की काटा २०००-२५०० आरपीएमवर राहील. नुसती जागेवर उभी करून रेस दिल्याने हे काम होत नाही.

रीजनरेशन चालू आहे हे ओळखायच्या खुणा: उभ्या गाडीत आरपीएम नेहमीच्या ८०० वरून हजाराच्या आसपास जातात, ताजं ॲव्हरेज अचानक पडतं, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. एखाद्या वेळी मध्येच बंद केली म्हणून काही बिघडत नाही, गाडी पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करते. पण दर वेळी अर्धवट राहिलं तर ते जादा डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइल कमी दिसलं की सगळे घाबरतात. डीपीएफवाल्या गाडीत ते वाढलेलं दिसलं तर जास्त घाबरा. मॅक्सच्या खुणेच्याही वर गेलं असेल तर सर्व्हिसिंगची तारीख न बघता ऑइल बदला. पातळ ऑइलवर सगळ्यात आधी टर्बोचं बेअरिंग जातं. महिन्यातून एकदा, सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघायची सवय लावा. (आणि हायवेवरून उतरून वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. ती चाळणी खरोखर पेट घ्यायला पुरेशी तापलेली असते.)

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते ती ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून, आणि ती डीपीएफमध्ये कायमची बसते. म्हणून ट्रक-ट्रॅक्टरचं ‘डिझेल ऑइल’ या गाडीत कधीच नको, कॅनवर कितीही मोठं नाव असलं तरी. मॅन्युअलमध्ये बहुधा ५डब्ल्यू-३० (जाडी) आणि एसीईए सी२ किंवा सी३ (कमी राखेच्या ऑइलचा दर्जा) असं लिहिलेलं असेल. कॅनवर ते अक्षर तसंच्या तसं शोधा. १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते. ज्याचं रनिंग फक्त शहरात आहे त्याने ७,००० लाच बदलावं. डीपीएफ बदलायचा झाला तर खर्च लाखाच्या घरात जातो, त्यापुढे ऑइलमधली हजार-दीड हजारांची बचत कुठे बसते ते तुम्हीच बघा.

‘डीपीएफ काढून टाकतो, सॉफ्टवेअर मारून देतो, पिकअप पण वाढेल’ असं सांगणारी गॅरेजेस भेटतील. तसं करून घेऊ नका. ते कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते, आणि विकताना स्कॅनर लावणारा गिऱ्हाईक मिनिटात पकडतो.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी. सगळ्या डिझेल गाड्यांना लागत नाही, एससीआर (डीईएफ फवारून धूर शुद्ध करणारी यंत्रणा) असलेल्यांनाच लागतं. हजार किमीला लिटरच्या आसपास जातं, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. त्याला वय असतं: ३० अंशांत ठेवलं तर वर्षभर, ३५ अंशांवर सहाच महिने. त्यामुळे उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेला कॅन घेऊ नका, तारीख बघा. टाकीजवळ सांडलं तर लगेच पाण्याने पुसा, नाहीतर पांढरे खडे धरतात. इशारा आल्यावरही दुर्लक्ष केलं आणि डीईएफ पूर्ण संपलं, तर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होणार नाही. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर किल्लीला हात लावू नका, टोइंग बोलवा. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं गेलं तरी हेच. इग्निशन ऑन केलं की टाकीतला पंप ते पुढे ढकलायला लागतो.

आता २ लाख किमीचा प्रश्न. इंजिनचा ब्लॉक, पिस्टन, क्रँक या गोष्टी सहज २-३ लाख किमी जातात. पुण्याजवळ रांजणगावातही बनलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन टॅक्सीवाल्यांनी कसं वापरलंय ते सगळ्यांनी पाहिलंय. डिझेल गाडी खर्चात टाकते ती इंजिनच्या भोवतीच्या सामानाने.

त्यात पहिला मान इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाचा. आजच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) डिझेल १६०० ते २००० बार दाबाने फिरतं आणि पंपाचं वंगणही डिझेलच असतं. पाणी आलं की वंगण गेलं, पंपाच्या आत घासून लोखंडाचा चुरा सुटतो आणि तो रेलमधून चारही इंजेक्टरमध्ये जातो. मग पंप, रेल, इंजेक्टर, पाइप सगळंच बदलावं लागतं आणि टाकी उतरवून धुवावी लागते. इंजेक्टर एकेकच १५ ते २५ हजारांचा. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच उपाय आहे: ज्या पंपावर ट्रकची रांग असते तिथे डिझेल भरा, टँकर खाली होत असेल तर पुढच्या पंपावर जा, टाकी पावपेक्षा खाली नेऊ नका. डिझेल फिल्टर दर २०-३० हजार किमीला मूळ कंपनीचाच टाका, आणि पावसाळ्यानंतर फिल्टरच्या तळाचं पाणी काढायला सांगा. फिल्टरच्या पाण्याचा दिवा लागला तर ‘गावी जाऊन बघू’ नको.

इंजिन खडखडायला लागलं, जागेवर थरथरतं, म्हणून कोणी चारही इंजेक्टर बदलायला सांगितले तर आधी रिटर्न टेस्ट मागा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला (न वापरलेलं डिझेल परत जायची वाट) नळी लावून चार बाटल्यांत डिझेल घेतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच लवकर भरते तो झिजलाय. बहुधा एक किंवा दोनच निघतात. नवा बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच हवा आणि इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत भरायला हवा. कोड न भरता बसवलेला चांगला इंजेक्टरही खराब असल्यासारखा वागतो.

घाटात गाडी अचानक ओढेनाशी झाली, शिट्टीसारखा आवाज आणि मागे काळा धूर, तर टर्बो गेला म्हणून घाबरू नका. आधी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) रबरी होज बघा. तो चिरलेला असतो किंवा क्लिप सटकलेली असते. काम फार तर काही हजारांचं. टर्बोसाठी दोनच नियम: गार इंजिन पहिले दोन-तीन मिनिटं रेस करायचं नाही, आणि खंबाटकी चढून लगेच टपरीवर थांबलात तर बंद करायच्या आधी मिनिटभर जागेवर चालू ठेवायची.

ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) ६०-७० हजार किमीच्या पुढे काजळीने आखडतो; साफ होतो, लगेच नवा टाकायची गरज नसते. क्लच सर्वस्वी तुमच्या डाव्या पायावर आहे. डिझेलला खालच्या आरपीएमलाही ताकद असते म्हणून लोक चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने गाडी रेटतात. १३०० आरपीएमच्या खाली ओढू नका. काजळी वाढते आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं, धक्के झेलणारं दुहेरी चाक) मार खातं. ते असलेल्या गाडीत क्लचचं बिल एकदम दुप्पट-तिप्पट होतं, घेण्याआधी विचारून ठेवा.

हेही विचारा: टायमिंग चेन आहे की बेल्ट? बेल्ट असेल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, वॉटर पंप आणि टेन्शनरसकट बदला. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागाच नसते. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकले. चेनवालेही अमर नाहीत. वर सांगितलेल्या १२४८ सीसी इंजिनमध्ये ऑइल जेमतेम ३ लिटर; ते लिटरभर कमी झालेल्या अवस्थेत पळवलेल्या गाड्यांच्या चेन सैल होतात, सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो.

शेवटी, तुम्ही जाता जाता विचारलंय की बजेट कमी पडलं तर २०१८-१९ची जुनी बीएस-४ डिझेल कशी. त्यातल्या बहुतेकांना डीपीएफ नाही, त्यामुळे छोट्या रनिंगचा त्यांना तेवढा त्रास नाही. पण १५ वर्षांचं पासिंग २०३३-३४ला संपतं, म्हणजे तुमची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत. बघायला जाताना मालकाला सांगा की गाडी आदल्या रात्रीपासून चालू करू नका, आणि गेल्यावर बोनेटला हात लावून खात्री करा. गार इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये लागलं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सकाळचा पांढरा धूर लवकर जात नसेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. ते थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग स्कॅनर लावून चारही इंजेक्टरच्या करेक्शन व्हॅल्यू (ईसीयू प्रत्येकाला किती कमी-जास्त डिझेल देतोय ते आकडे) बघा. एखादी बाकी तिघांपेक्षा फार वेगळी असेल तर त्या इंजेक्टरचे पैसे किमतीतून कापून मागा. दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्त दिसली, तर एनओसी आणि इथे पुन्हा भरावा लागणारा टॅक्स त्या किमतीत मिळवल्याशिवाय टोकन देऊ नका.