ग्रह तयार होताना कोणी पाहिलेलं नाही, मग ते वायू आणि धुळीच्या तबकडीतून बनले हे शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसं सांगतात?

पाहिलेलं आहे. आपली सूर्यमाला बनताना बघायला कोणी नव्हतं, एवढंच खरं. तुम्ही पुढे विचारलंय, "हे सगळं कम्प्युटरवरचं गणितच ना?" काही भाग गणितावर उभा आहे, काही भाग चक्क फोटोत आहे. बातम्यांमध्ये दोन्हीची सरमिसळ होते, म्हणून मी ते वेगवेगळे सांगतो.

कल्पना जुनी आहे. सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळपास एकाच पातळीत फिरतात. त्यावरून तत्त्वज्ञ कांटने १७५५ मध्ये आणि गणिती लाप्लासने १७९६ मध्ये सूर्य आणि ग्रह एकाच फिरत्या मेघातून जन्मले असा तर्क मांडला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं तो तर्कच राहिला. १९८३ मध्ये आयरास या अवकाश दुर्बिणीला काही ताऱ्यांकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रकाश येताना आढळला. तो ताऱ्याभोवतीच्या, त्याच्याच उजेडाने थोड्या तापलेल्या धुळीचा होता. त्यातल्याच बीटा पिक्टोरिसची तबकडी स्मिथ आणि टेरिल यांनी १९८४ मध्ये चिलीतून टिपली. आपल्याला ती बरोबर कडेने दिसते, त्यामुळे फोटोत ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना एक सरळ रेघ उमटते. हा तारा महाराष्ट्रातूनही दिसतो. हिवाळ्यात अगस्ती दक्षिणेला सर्वांत वर आला की त्याच्या उजवीकडे सुमारे ६ अंशांवर बघा. मंद आहे, शहराबाहेर जावं लागेल, आणि तबकडी अर्थातच नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण जिथे ग्रहमाला अजून पुरती स्थिरावलेली नाही अशा ठिकाणाकडे आपण थेट बघतोय, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याचं वय जेमतेम दोन कोटी वर्षं आहे. सूर्याचं साडेचार अब्जांच्या वर.

पुढची उडी आल्मा या रेडिओ दुर्बिणीची. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर ६६ अँटेना एकत्र काम करतात. २०१४ मध्ये त्यांनी वृषभ राशीतल्या एचएल टॉरी या ताऱ्याची तबकडी दाखवली. तेजस्वी कडी आणि त्यांच्यामध्ये काळे पट्टे, इतकं स्वच्छ चित्र कोणालाच अपेक्षित नव्हतं. तारा दहा लाख वर्षांचाही नसावा. पट्टे ग्रहांनीच कोरले असतील असं बहुतेकांना वाटलं, पण पट्टा दिसणं आणि ग्रह दिसणं यात फरक आहे.

तो फरक पीडीएस ७० या ताऱ्याने भरून काढला. नरतुरंग तारकासमूहात, सुमारे ३७० प्रकाशवर्षांवर, वय अंदाजे ५० लाख वर्षं. त्याच्या तबकडीत मोठी पोकळी आहे. २०१८ मध्ये व्हीएलटी या दुर्बिणीवरच्या स्फिअर उपकरणाने ताऱ्याचा प्रकाश झाकला, तेव्हा पोकळीच्या आत एक ठिपका दिसला. तो होता ग्रह, सूर्यापासून युरेनस जेवढा दूर आहे साधारण तेवढ्याच अंतरावर. पुढच्या वर्षी दुसरा सापडला. दोन्ही ग्रह हायड्रोजनच्या एका खास लाल रंगात चमकतात. ग्रहावर वायू वेगाने कोसळतो, तापतो आणि त्या रंगात उजळतो. म्हणजे त्यांची भर अजून चालू आहे. २०२१ मध्ये तर दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची धुळीची तबकडी पक्की झाली. तिचा व्यास साधारण पृथ्वी-सूर्य अंतराएवढा आहे आणि आपल्या चंद्राएवढे तीन उपग्रह बनतील एवढा ऐवज तिच्यात असू शकतो. याला गणित कसं म्हणायचं?

आता खरी अडचण. धुळीचे कण एकमेकांना चिकटून खड्याएवढे होतात हे प्रयोगशाळेत दिसतं. पुढे मात्र ते आपटून उसळतात किंवा फुटतात. शिवाय तबकडीतला वायू स्वतःच्या दाबामुळे थोडा सावकाश फिरतो आणि दगडाला पुरत्या वेगाने फिरायचं असतं. त्यामुळे सायकलवाल्याला लागतो तसा समोरून वारा त्याला सतत लागतो. त्याची गती झिजते आणि तो आत घसरतो. पृथ्वीच्या जागी असलेला मीटरभराचा दगड अवघ्या काही शतकांत ताऱ्यात जाऊन पडावा. मग ग्रह बनतीलच कसे?

२००५ मध्ये यूडिन आणि गुडमन यांनी सुचवलं की खडे पुरेसे दाटले तर त्यांचा घोळका वारा अडवतो, मागून येणारे त्यात अडकतात, आणि शेवटी तो घोळका स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो. मीटरभराची धोकादायक पायरी गाळून थेट किलोमीटरांच्या आकाराचं पिंड तयार होतं. हे मात्र समीकरणांत आणि कम्प्युटरवर दिसलेलं आहे. त्याला आधार मिळाला १ जानेवारी २०१९ रोजी. न्यू होरायझन्स यान नेपच्यूनपलीकडच्या अॅरोकॉथ या छोट्या पिंडाजवळून गेलं. जोडलेले दोन चपटे गोळे, पण सांध्यापाशी ठेचल्याची खूण नाही. म्हणजे ते अगदी हळू टेकले असणार, आणि खड्यांचा ढग आकसताना नेमकं तसंच व्हायला हवं.

एका वस्तूवरून प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. हे दगड तबकडीत गोळा होताना आल्मालाही दिसत नाहीत. बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा असल्याने ते रेडिओ लहरींत उजळतात, पण तेवढंच वस्तुमान मोठ्या दगडांत बांधलं गेलं की जवळपास अदृश्य होतं. तुमचा गणिताचा आक्षेप लागू होतो तो इथे, खड्यापासून डोंगरापर्यंतच्या टप्प्याला.