फ्लॅटमध्ये राहून लहान मुलांसाठी घरात निसर्ग कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की सातवा मजला, मुलगी साडेतीन वर्षांची, पावसामुळे खाली नेता येत नाही, तर ऑनलाईन मिळणारं ते नेचर कॉर्नरचं महागडं किट घ्यावं का. माझं मत विचाराल तर अजिबात नको. शंखशिंपले न् सुकलेली पानं ट्रेमध्ये मांडली की मुलं दोन दिवस बघतात, नंतर त्यावर धूळ बसते आणि पुसायची आपण. या वयाच्या पोरांना मांडून ठेवलेलं काही नको असतं, त्यांना खाणारं, शी करणारं, वाढणारं काहीतरी पाहिजे.

म्हणून आमच्याकडे अळी असते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पावसाळ्यात लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं, फिकट पिवळं, गोल, मोहरीपेक्षा बारीक, एकेकटं. सातव्या मजल्यावर फुलपाखरू येईलच असं नाही, मग सोसायटीतल्या झाडाची कोवळी पानं बघा, नाहीतर कोणाच्या घरची कुंडी. बाजारातल्या जुडीचा पाला मात्र घालू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते आणि अळ्या पटापट मरतात. नर्सरीतल्या नव्या रोपाचंही तेच.

लहान अळी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग, ते तिचं लपायचं सोंग. मोठी होता होता एकदम हिरवीगार होते. तेव्हा तिला मऊ ब्रशने हलकंच डिवचलं की डोक्यामागून केशरी दोन शिंगं बाहेर येतात आणि एक उग्र वास सुटतो. माझा चार वर्षांचा मुलगा पहिल्यांदा किंचाळला, आणि मग दिवसभर "आई परत कर ना" चालू, शेवटी दिवसातून एकदाच असा नियम करावा लागला, बिचारीला जेवू तरी दे.

व्यवस्था सोपी आहे. मोठा प्लास्टिकचा डबा, वर मलमलचं फडकं आणि रबर बँड. आत पाण्याच्या छोट्या बाटलीत कढीपत्त्याची फांदी, बाटलीचं तोंड कापसाने बंद करा नाहीतर अळी पाण्यात पडते. रोज लेंड्या झटकून ताजी फांदी द्यायची, हे काम मुलीलाच द्या, साडेतीन वर्षांचं पोर आरामात करतं, फक्त अळी हाताने उचलायची नाही, फांदीसकट हलवायची. सासूबाई आधी म्हणायच्या, फोडणीला पान ठेवत नाही ही मेली, आता त्याच सकाळी उठून बघतात किती खाल्लं.

एक दिवस अळी खाणं बंद करून डब्यात नुसती फिरत बसते, पातळ शी करते. आजारी नाही ती, कोशाची तयारी असते. डब्यात एक उभी काडी ठेवा, कमरेला रेशमाचा दोरा बांधून ती तिरकी टेकते. कोश आजूबाजूच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत फुलपाखरू निघतं, बहुतेक सकाळी, पंख चुरगळलेले ओले असतात, सुकायला वेळ लागतो, तेवढा वेळ कोणीही हात लावायचा नाही. मग पाऊस थांबल्यावर सोडायचं. कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखा कीटक निघतो, त्याची आई आधीच आत अंडी घालून गेलेली असते. मी मुलाला सरळ तेच सांगितलं, त्याने "अरेरे" म्हटलं आणि नाश्त्याला गेला.

अळी नाही मिळाली तर ओल्या कापसावर हळीव टाका, दाणे चिकट बुळबुळीत होतात आणि एक-दोन दिवसांत मोड येतात, एवढ्या लहान मुलांना याहून जास्त वाट बघायला लावू नये. मेथी परातीत पेरली तर साधारण आठवड्याभरात कापून वरणात.

केसाळ सुरवंट घरात आणू नका, अंगाला भयंकर खाज सुटते. फांदीच्या बाटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, डासांना तेवढं साचलेलं पाणी पुरतं. लाल-काळी गुंज दिसायला गोड, पण बी चावलं तर जीवघेणं विष, तसंच कण्हेर. आणि हॉलमधलं ते पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डायफेनबाकिया असेल तर मुलीच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते.