अरूस्टुकमध्ये घर घेण्याआधी

प्रश्न : यजमानांना अमेरिकेच्या मेन राज्यात, अरूस्टुक काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) इस्पितळात नोकरी मिळाली आहे. जंगलालगत एक स्वस्त घर दिसतंय. घ्यावं का? मुलं तिथं रमतील का? त्यांची मराठी टिकेल का?

उत्तर : घर जरूर बघा, पण किमतीच्या आधी विचारा, की ती जागा कुठल्या टाउनच्या, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावाच्या, हद्दीत येते. ही काउंटी पुणे जिल्ह्याहून मोठी, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं जेमतेम ६७ हजार. बराच भाग कुठल्याच टाउनमध्ये नाही. तिथं ग्रामपंचायतीसारखंही काही नसतं. रस्ते आणि आगीच्या बंबाची सोय काउंटी बघते, बांधकामाचे नियम राज्याचा आयोग ठरवतो. हिवाळ्यात बर्फ कोण काढतं, बंब किती लांबून येतो, हे लेखी घ्या. लहान मुलं असताना मी तरी टाउनच्या हद्दीतलंच घर घेईन.

प्रेस्क आईल आणि कॅरिबू या इथल्या शहरांत नगरपरिषद आहे. लहान गावांत वर्षातून एकदा, बहुतेक मार्चमध्ये, गावसभा भरते आणि रस्त्यांपासून ग्रंथालयापर्यंतच्या खर्चावर गावकरी स्वतः मत देतात. मत फक्त नागरिकांना असतं, पण तुम्ही जाऊन बसा. गावातली माणसं तिथं जितकी कळतील तितकी दुसरीकडे कळणार नाहीत. काउंटीचे तीन निवडून आलेले कमिशनर असतात. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), तुरुंग, जमिनीची नोंदणी ही कामं काउंटीकडे. नोंदणीची कचेरी दक्षिणेला होल्टनला आणि उत्तरेला फोर्ट केंटला, अशी दोन ठिकाणी आहे.

मुलांच्या मराठीची काळजी तुमच्या पत्रात जाणवली, म्हणून थोडा इतिहास सांगते. शेजारचा कॅनडा तेव्हा ब्रिटनकडे होता, आणि इमारती लाकडाच्या या मुलखावरून ब्रिटन आणि अमेरिका लढाईच्या बेतात आले होते. त्याच धामधुमीत, १८३९ मध्ये, ही काउंटी झाली. १८४२ च्या तहानं सेंट जॉन नदी सरहद्द ठरली आणि दोन्ही काठांवरची फ्रेंच बोलणारी अकेडियन (जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या वंशातली) घराणी दोन देशांत विभागली गेली. पुढे १९१९ च्या कायद्यानं मेनच्या सरकारी शाळांतून इंग्रजीतच शिकवायची सक्ती झाली. फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. तरीही याच नदीकाठच्या मॅडवॉस्का गावाच्या बाजूला आजही घरांत फ्रेंच ऐकू येतं. तुम्ही दारात मुलांशी मराठीत बोललात तर त्याचं मोल या लोकांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही. बिनधास्त बोला.

आणखी एक. काही शाळांना बटाटा काढणीसाठी शरद ऋतूत सुट्टी असते, त्यामुळे वर्ग ऑगस्टमध्येच सुरू होतात. भारताची तिकिटं काढण्याआधी शाळेचं वेळापत्रक मागवा.