हेपॅटायटिस सीचा जीनोटाइप उपचाराआधी तपासावाच लागतो का? विदर्भात कोणता जास्त सापडतो?

बाईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या रिपोर्टवर ‘जीनोटाइप ३ए’ आलं आणि तिचे दीर म्हणाले, "तिसऱ्या स्टेजले आली, आता कायले पैसा घालता?" हा ३ स्टेजचा नव्हेच, हे तेव्हा त्यांना पटवता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

जीनोटाइप म्हणजे विषाणूचं कूळ. लिव्हर किती खराब झालं ते फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी), सोनोग्राफी, प्लेटलेटवरून कळतं. भारतात ३ सगळ्यात जास्त, त्याखालोखाल १. आपल्याकडच्या रिपोर्टवर ३ दिसला तर दचकू नका.

बाईला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. लहानपणापासून रक्त चढवलेलं, त्यातलं बरंचसं २००१ च्या आधीचं, रक्तपेढ्यांत हेपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची होण्याआधीचं. तरी सासरी तिच्या वागणुकीवर बोट ठेवलं गेलं. तिचा गिलास वेगळा काढला, बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून. अरे, हा आजार रक्तातून पसरतो, उष्ट्यानं नाही! त्याच गिलासानं मी सगळ्यांसमोर पाणी प्यायलो.

खासगी डॉक्टर जीनोटाइपशिवाय गोळ्या लिहीनात. साडेसहा हजारांसाठी, भाव येईल म्हणून घरात ठेवलेला कापूस खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात दिला. माझ्या मते तो खर्च नाहक होता. इंटरफेरॉनच्या जुन्या इंजेक्शनांच्या काळी जीनोटाइप १ ला ४८ आठवडे उपचार आणि ३ ला २४, म्हणून कूळ बघावंच लागे. आता सोफोसबुविरसोबत डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर, बहुतेकांना १२ आठवडे, कूळ कुठलंही असो. सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून या गोळ्या फुकट मिळतात. बाईलाही शेवटी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातूनच मिळाल्या. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी तपासणी केली, विषाणू सापडला नाही. दीर अजून अँटिबॉडीचा पॉझिटिव्ह कागद दाखवतात. भाऊ, अँटिबॉडी बरं झाल्यावरही राहते, व्हायरल लोडचा कागद बघा!

हां, सिरॉसिस (लिव्हर वण पडून कडक होणं) असेल किंवा आधीचा उपचार फसला असेल आणि डॉक्टरांनी जीनोटाइप मागितला, तर करा, माझं ऐकून टाळू नका. गोळ्या सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीची तपासणी मात्र हवीच, तो दबलेला असला तर उसळतो. आणि घरात सिकलसेल असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण काहींना जोडीला रायबाविरिन देतात आणि त्यानं तांबड्या पेशी फुटतात.