भरतीचा इशारा पहाटे वाजत नाही : दोष डोझचा नसावा

आपण लिहिले आहे की, हर्णैच्या मच्छीमारांसाठी केलेल्या ॲपमधील भरतीचा पहाटेचा इशारा आपल्या टेबलावरील फोनवर बिनचूक वाजतो. बोटींवरील काही फोनवर मात्र तो वाजतच नाही आणि उजाडल्यावर ॲप उघडताक्षणी वाजतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बोटींसाठी केलेल्या आमच्या ॲपलाही हेच दुखणे होते. वर्कमॅनेजर (ॲपची पार्श्वभूमीतील कामे ठरवून करून घेणारी अँड्रॉइडची लायब्ररी) कसा जोडावा हे आपणांस ठाऊक आहे असे धरून पुढचे लिहितो.

आपल्या वर्णनातील ‘ॲप उघडताक्षणी’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. अँड्रॉइड 6 मध्ये आलेल्या डोझमुळे (फोन नुसता पडून असताना बॅटरी वाचवण्यासाठी ॲपची कामे रोखून धरणाऱ्या व्यवस्थेमुळे) काम अडले असेल, तर फोन हातात घेऊन स्क्रीन सुरू केल्यावर ते बहुधा थोड्याच वेळात मार्गी लागते, त्यासाठी ॲप उघडावे लागत नाही. ॲप उघडेपर्यंत काहीच होत नसेल, तर ते सक्तीने थांबवले गेले असण्याची शक्यता अधिक. तसे झाले की त्याचे सर्व अलार्म आणि जॉब (पार्श्वभूमीत करायची ठरवलेली कामे) रद्द होतात, आणि पुढे कोणी ॲप उघडले की वर्कमॅनेजर राहिलेले काम पुन्हा हाती घेतो. काही कंपन्यांच्या फोनवर अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप बोटाने सरकवून काढले, तरी हाच परिणाम होतो, आणि बॅटरी वाचावी म्हणून तांडेल (बोटीचा प्रमुख) झोपण्यापूर्वी नेमके तेच करतो.

टेबलावरील फोनचे कारण साधे आहे. तो केबलने संगणकाला जोडलेला, म्हणजे चार्जिंगवर असतो, त्यामुळे डोझमध्ये जातच नाही. डम्पसिसच्या (फोनची अंतर्गत स्थिती संगणकावरून पाहण्याच्या साधनाच्या) आज्ञेने बॅटरी ‘अनप्लग’ दाखवून आणि डोझ जबरदस्तीने सुरू करून पाहावे. त्यानंतर न वाजणाऱ्या फोनवर प्रलंबित अलार्म आणि जॉब यांच्या यादीत आपले ॲप शोधावे. यादीत नोंदच नसेल, तर डोझचा पिच्छा सोडावा.

आमचा सर्वाधिक वेळ मात्र एका फोन कंपनीच्या सेवा केंद्राने खाल्ला. नाव लिहीत नाही. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर ‘ऑटोस्टार्ट’ची (ॲपला आपणहून सुरू होऊ देण्याची) परवानगी गुपचूप बंद होत होती, असा आमचा संशय होता आणि तेवढेच त्यांनी तपासावे अशी विनंती होती. खिडकीवरील गृहस्थांनी फोन उघडूनही न पाहता पावतीवर ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम, रीसेट’ असे लिहून तो आत पाठवला. संध्याकाळी फोन परत आला तेव्हा ॲप, त्याच्या नोंदी आणि आमचा पुरावा असे सगळेच पुसले गेले होते. ॲप नव्याने टाकल्यावर इशारा काही दिवस नीट वाजला, त्यामुळे ‘पाहा, दोष तुमच्या ॲपचाच होता’ हेही ऐकून घ्यावे लागले. पुढे लेखी तक्रारींना प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर आले. म्हणून माझा आग्रह असा की, फोन कोणाच्याही हाती देण्यापूर्वी सेटिंग्जमधील डेव्हलपर ऑप्शन्समधून बग रिपोर्ट (फोनच्या अंतर्गत नोंदींची फाइल) काढून घ्यावा. अँड्रॉइड 11 पासून ॲपची प्रक्रिया मागच्या वेळी कोणत्या कारणाने संपली हे ॲपला स्वतःलाच विचारता येते. ते कारण दर वेळी ॲप उघडताना आपल्या सर्व्हरवर पाठवत जावे.

माझे आणखी एक मत, जे सर्वांना पटेलच असे नाही : भरतीसाठी ठरावीक अंतराचा जॉब वापरूच नये. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि वर्कमॅनेजर अचूक वेळेची हमी देत नाही. भरतीचे कोष्टक आधीच उपलब्ध असते. ते ॲपमध्येच ठेवून अलार्म क्लॉकच्या पद्धतीने पुढची एकच वेळ लावावी, आणि तो वाजला की त्यापुढची. फोन रीस्टार्ट झाल्यावरही अलार्म पुन्हा लावावे लागतात. अँड्रॉइड 14 वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना अचूक अलार्मची परवानगी आपोआप मिळत नाही, हेही तपासावे.

पावसाळी बंदीचाही विचार करावा. 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्यावर असतात आणि ॲप कोणी उघडत नाही. अँड्रॉइड 13 पासून 8 दिवस न वापरलेले ॲपसुद्धा सर्वांत कडक निर्बंधांच्या गटात जाऊ शकते. त्यामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तांडेलास ॲप एकदा उघडायला सांगणे हा आमचा दरवर्षीचा रिवाज झाला आहे.

हे सारे अँड्रॉइडपुरते आहे, आणि सेटिंग्जची नावे फोनगणिक बदलतात. वादळाचा इशारा मात्र सर्व्हरवरून उच्च प्राधान्याच्या पुश संदेशाने पाठवावा, कारण तो डोझमध्येही फोनला जागे करू शकतो. सक्तीने थांबवलेल्या ॲपपर्यंत तोही पोहोचत नाही, म्हणून त्या एका कामासाठी आम्ही एसएमएस अजून बंद केलेला नाही.