डबीची मागची बाजू आधी वाचा
ब आणि क जीवनसत्त्वांच्या गोळ्या तुम्ही नुकत्याच सुरू करत आहात, म्हणून सुचवतो, म्हापशाच्या फार्मसीत डबी हाती येताच ब-६ ची मात्रा प्रथम पाहा. कारण पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व जास्त झाले तरी लघवीवाटे निघून जाते हा समज येथे फसवा ठरतो आणि मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास नसांना इजा होऊन हातापायांना बधिरपणा येऊ शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी ब-६ ची दैनंदिन कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. मुतखडा झालेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेपूर्वी डॉक्टरांना विचारावे. फसफसणाऱ्या गोळीत बहुधा सोडियम असते, हे रक्तदाबाचे रुग्ण (मीही त्यांतलाच) सहसा विसरतात. आपल्या पावसाळ्यात डबीचे झाकण घट्ट लावा. दमटपणाने क जीवनसत्त्व लवकर नासते.