त्रास काहीच नाही, मग तपासण्या कशाला?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, टाइप वन डायबेटिस होऊन ६ वर्षं झाली. तिला काहीच त्रास नाही तरी डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि डोळ्यांचा पडदा तपासायला सांगितलंय. एवढ्यात कशाला? आणि मानेची सोनोग्राफी पण करून घेऊ का?

उत्तर : ताई, त्रास नाही तेव्हाच तर बघायचं असतं, कारण साखर सतत जास्त राहिली की रक्तवाहिन्यांचं, किडनी आणि डोळ्यांच्या पडद्यातल्यासुद्धा, आतलं नाजूक अस्तर आधी बिघडतं आणि ते दुखत नाही की खुपत नाही, शिवाय वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिन कमी लागू पडतं म्हणून या वयात साखर आवरणं खरंच अवघड जातं, त्यात तिचा दोष धरू नका. लघवी सकाळी उठल्या उठल्या पहिलीच द्या. आदल्या दिवशी खूप खेळली असेल, ताप असेल किंवा पाळी चालू असेल तर अल्ब्युमिन उगाच वाढलेलं दिसतं. रिपोर्टमधला रेशो, म्हणजे लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवीतून जाणारा एक टाकाऊ पदार्थ) किती अल्ब्युमिन ते, ३० मिलिग्रॅमच्या वर आला तरी लगेच घाबरू नका, ६ महिन्यांत ३ पैकी २ नमुने तसे आले तरच ते खरं धरतात. मानेच्या सोनोग्राफीत धमनीच्या भिंतीची जाडी मोजतात, पण ती मुख्यतः संशोधनात वापरतात, एकट्या मुलीचा आकडा बघून उपचार ठरत नाहीत, सध्या नकोच. त्यापेक्षा प्रत्येक व्हिजिटला बीपी मोजतायत ना ते बघा, मुलांचं बीपी बऱ्याचदा राहूनच जातं.